एक्कावन्न टक्के

पाहुणे येणार म्हणून
जिन्याखालचं टॉयलेट धुऊन घेतलं.
पांढरी फरशी, आरसा, नवी साबणाची वडी कागदासकट.
चावी माझ्याच टेबलाच्या खणात होती, एकोणतीस वर्षं,
आणि आम्ही तिघी बायका
समोरच्या उडप्याकडे जात होतो,
आधी चहा मागवून.

कुर्ल्याच्या गल्लीत आमची पाटी :
धैर्यवान आणि पुत्र, काटे व तराजू.
पुत्र एकच. तो टोरांटोला.
म्हणून डेन्मार्कचा येन्स आलाय आमची किंमत ठरवायला,
मान भाजून लाल झालेला, स्टुलावर गुडघे न मावणारा.

वॉचमन रामसुमेरने त्याला सलाम ठोकला, बूट आपटून.
आपले वजनमापाचे निरीक्षक येतात
तेव्हा तो वही पुढे सरकवतो, सही करा, वेळ लिहा.
येन्सने वही मागून घेतली. सही केली, वेळ लिहिली.
रामसुमेरला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत हडकर पिंपावर चढले.
"मित्रहो, पहिली कंपनीसुद्धा
तराजू हातात घेऊनच उतरली होती बंदरात!"
टाळ्या पडल्या. माझ्याही.
लेथवरचे उस्मान चौगुले म्हणाले, माझे हात तेलाचे आहेत.
त्यांचा मुलगा मस्कतला, पहिल्या तारखेला रियाल येतात.
हडकर खाली उतरले, मला बाजूला घेऊन हळूच :
"मॅडम, हे लोक पीएफ वेळेवर भरतात म्हणे?"

धैर्यवानकाका एक्याऐंशीचे.
बापाच्या खांद्यावरून त्यांनी विलायती कापडाची होळी पाहिली होती.
त्या होळीत आईची जॉर्जेटची साडी गेली,
आणि आई पुढे जन्मभर बापाशी धड बोलली नाही.
हे ते दर पंधरा ऑगस्टला सांगतात, साडीपाशी थांबतात.
आता विचारतात, "एकोणपन्नास आपल्याकडे राहतात ना?"
हो काका.
"मग निम्म्याला एकच कमी."

तिसऱ्या दिवशी तिजोरीतून मखमली पेटी निघाली.
आत पितळेचा किलो, बर्मिंगहॅमचा शिक्का.
आमचा प्रत्येक स्वदेशी काटा
त्या साहेबी किलोला विचारूनच खरं बोलायचा.
येन्सने हातमोजे घातले. मोजलं. पुन्हा मोजलं.
चाळीस मिलिग्रॅम कमी.

"त्याचं मशीन खोटं," काका म्हणाले.
"बघा, साहेबाने जाता जाता मापातही मारलं," हडकर म्हणाले.
येन्स इंग्रजीत काहीतरी बोलला,
मी सगळ्यांना मराठीत सांगितलं :
हे कोणीतरी वर्षानुवर्षं घासलंय, मायेने.
मायेने हा शब्द त्याचा नव्हता.
दर खंडेनवमीला चिंच लावून, राख लावून,
चेहरा दिसेपर्यंत घासायचे मी. मग हळदकुंकू.
हे मात्र मी
कुठल्याच भाषेत सांगितलं नाही.

गुरुवारी सह्या झाल्या. पेढे वाटले.
काकांनी येन्सचा हात बराच वेळ सोडला नाही,
रागाने की कशाने, कळलं नाही.

टॅक्सी गेल्यावर जिन्याखाली गेले.
कुलूप जसंच्या तसं.
साबणाचा कागदही फाटलेला नाही.
त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.
सहा दिवस तो मागच्या बाजूला
कामगारांच्या रांगेत उभा राहत होता,
आणि आम्ही सगळे समजत होतो
की दुसऱ्या कोणीतरी चावी दिली असणार.

मी आत गेले. कडी लावली.
वडीचा कागद सोलला.
वर सोनेरी अक्षरात कुठलंसं विलायती नाव,
खाली बारीक टायपात
आपल्याच कुठल्याशा एमआयडीसीचा पत्ता.
फेस छान आला.